साठ अंश दक्षिणेला बडीशेप

अबू हलीफा

अंटार्क्टिकाला जाऊन आलो असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न थंडीचा विचारतात. थंडी होतीच. पण कुवेतमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. आमच्याकडे ऊन बाहेर असतं आणि थंडी घरात. तिकडे थंडी बाहेर आणि ऊब जहाजात. एसीखाली स्वेटर घालून बसणाऱ्या माणसाला एवढा बदल झेपतो.

मी कुवेतच्या अबू हलीफा भागात राहतो आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करतो. नमुन्यातले जंतू वाढवायचे आणि ओळखायचे, आणि बाहेरचा एकही जंतू त्यात शिरू द्यायचा नाही, हे माझं रोजचं काम. उरलेला वेळ वाचनाचा. त्यातही बर्फाळ प्रदेशांतल्या सफरींची पुस्तकं मला फार आवडतात. बाहेर पन्नास अंशांचं ऊन आणि वाळूचं वादळ असताना, पडदे ओढून, कोणीतरी शिडाच्या जहाजात गोठून बसल्याचं वाचण्यात एक सुख आहे. माझी बायको सुलभा म्हणायची, "अहो, पुस्तकातला बर्फ हाताला गार लागत नाही."

सुलभा दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. इथून तिला विमानाने नाशिकला नेलं. गोदावरीवरचं सगळं आटोपून मी परत आलो आणि कामावर रुजू झालो. माणूस घरातून एकदम जात नाही, स्वयंपाकघरातून तो डब्याडब्याने जातो, हे मला त्या वर्षात कळलं. आधी मेतकूट संपलं, मग गोडा मसाला. लिंबाच्या लोणच्याची बरणी मी फार पुरवून खाल्ली, पण तीही तळाला गेली. एका सकाळी फडताळ उघडलं तर आतलं सगळं दुकानातलं होतं. तिच्या हातचं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी या सफरीचं ठरवलं. दोन्हींचा संबंध होता की नाही, मला सांगता येणार नाही.

आमच्या मजल्यावर विद्याताई राहतात. मूळच्या सांगलीच्या, नर्स आहेत, सुलभाची मैत्रीण. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या किल्ली घ्यायला आल्या. मी कपाटातून जुनं जाड जॅकेट काढलं होतं. दर हिवाळ्यात आम्ही दोघं आणि विद्याताईंचं कुटुंब वाळवंटात तंबू ठोकून राहायला जायचो, तेव्हाचं ते. तंबूचे खुंटसुद्धा अम्गराच्या भंगारबाजारातून लोखंड आणून केलेले होते. सुलभा गेल्यावर ना तंबू निघाला, ना जॅकेट.

"भाऊजी, हेच नेणार? चेन तरी लागते का याची?"

"लागते. दोनदा ओढली की."

"आणि बोट लागली म्हणजे? तुम्हाला तर वाळूत गाडी लागते."

"गोळ्या घेतल्यात."

"गोळ्यांनी काय होतंय," असं म्हणून त्यांनी आल्याच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवला. तो डबा सफरभर त्या टेबलावरच राहिला.

मधला समुद्र

अर्जेंटिनाच्या अगदी टोकाला उशुआइआ नावाचं बंदर आहे. तिथून जहाज निघतं. केबिनमध्ये शिरलो तर दुसऱ्या पलंगावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ तसबीहचे मणी ओढत बसले होते. नावगाव झालं. ते कुवेती निघाले, बनेद अल-गारचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी येत होतं.

"तुम भी कुवैत?" ते म्हणाले. "या अल्लाह. मैं कुवैत से इतना दूर भाग के आया, और कमरे में कुवैत बैठा है."

त्यांना सगळे अबू फहद म्हणत. मी हॉस्पिटलात काम करतो हे कळल्यावर ते मला दुक्तूर म्हणू लागले. मी डॉक्टर नाही, हे मी दोनतीनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सफेद कोट है? है. तो दुक्तूर है."

दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र खवळलेला म्हणून प्रसिद्ध आहे. मला बोट लागली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. अबू फहद मात्र तिन्ही त्रिकाळ जेवत होते. त्यांची एकच तक्रार, की जहाजावर ऐश नाही. कुवेतमध्ये भाताला ऐश म्हणतात, म्हणजे जगणं. दोन दिवस बटाटे खाल्ल्यावर ते म्हणाले, "दुक्तूर, यह जगह सुंदर है, मगर यहाँ जगना नहीं है, सिर्फ आलू है." त्यांना 'जीना' म्हणायचं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

समुद्र थोडा शांत झाला तेव्हा सगळ्यांना कपडे घेऊन खालच्या दालनात बोलावलं. साठ अंश दक्षिणेच्या पलीकडे कुठलंही परकं बी, माती किंवा किडा जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. तिथे जे जगतं ते हजारो वर्षं एकटं जगत आलेलं आहे, पाहुण्याची सवय त्याला नाही. म्हणून प्रत्येक प्रवाशाचे खिसे, शिवणी, बुटांचे तळवे तपासतात, आणि व्हॅक्यूमची नळी फिरवतात. मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. इतकी वर्षं मी बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून झटलो. आता बाहेरची घाण मी होतो.

तपासणीला मार्ता नावाची बाई होती. चिलीची, वनस्पतींची अभ्यासक, बोलणं थोडं. तिने माझ्या जॅकेटचा उजवा खिसा उलटा केला आणि चिमट्याने काहीतरी उचललं.

"हे काय आहे?"

मी चष्मा लावला. हिरवट, लांबट, रेघारेघांचा एक दाणा. मग एक तीळ. खिशाला आतून भोक होतं. मार्ताने जॅकेटची खालची शिवण बोटांनी दाबत नेली. आत काहीतरी सळसळलं. तिने मला छोटी कात्री दिली. "तुम्ही उसवता की मी उसवू?"

मी उसवलं. पांढऱ्या ट्रेमध्ये वाळवंटातली वाळू पडली आणि तिच्यासोबत पसाभर नाही, पण मूठभर तरी भाजकी बडीशेप, तीळ, ओवा.

वाळूत गाडी लागते म्हणून सुलभा निघताना माझ्या खिशात बडीशेपेची पुडी कोंबायची. मी ती कधी खायचो, कधी विसरायचो. पुड्या फुटत गेल्या असणार आणि दाणे भोकातून अस्तरात उतरत गेले असणार. तिच्या हातचं काही उरलं नाही, असं मी समजून चाललो होतो, आणि ते माझ्या कमरेभोवती शिवलेलं होतं.

"हे ठेवता येणार नाही," मार्ता म्हणाली.

"हे भाजलेलं आहे," मी म्हणालो. "भाजलेलं बी उगवत नाही. आमच्याकडे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत हा दाखला देतात."

"सगळं भाजलेलं आहे?"

मी ट्रेमध्ये पाहिलं. सुलभाला भाजण्याचा धीर नव्हता. पहिला घाणा ती फोनवर बोलता बोलता करपवायची, आणि त्या धास्तीने दुसरा कच्चाच उतरवायची. मग दोन्ही एकत्र करून म्हणायची, सरासरी बरोबर आहे. यावरून मी तिला पुष्कळ बोललो आहे. ट्रेमध्ये काळे दाणे होते आणि हिरवेही होते.

"नाही," मी म्हणालो. "निम्मे कच्चे असतील."

"कोणी भाजलंय?"

"माझ्या बायकोने."

"मग तिला सांगा, पुढच्या वेळी नीट भाजायला." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

 माझ्यामागे अबू फहद उभे होते; सुलभाचं मी त्यांना केबिनमध्ये सांगितलं होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "अल्लाह यरहमहा." म्हणजे अल्ला तिच्यावर दया करो. मग मार्ताला इंग्रजीत म्हणाले, "त्याची बायको हयात नाही."

मार्ताने चिमटा खाली ठेवला. थोड्या वेळाने तिने एक छोटी पारदर्शक पिशवी आणली, वाळू चाळून बाजूला केली आणि दाणे पिशवीत भरून सील केले. "जाळायला हवेत, पण मी आज जाळणार नाही," ती म्हणाली. "माझ्या कपाटात राहतील. परतताना आपण साठ अंश ओलांडले की तुम्हाला देईन. पण बंदरावर बिया उतरवायला मनाई आहे. म्हणजे तुमच्याकडे मधला समुद्र आहे. तेवढ्यात काय करायचं ते ठरवा."

एकंदरीत असं झालं, की सुलभाच्या बडीशेपेला पृथ्वीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्हीकडच्या जमिनी बंद होत्या.

बर्फावर

पहिल्यांदा उतरलो तो खडकाळ किनारा होता. दिसण्याआधी वास आला. सकाळचा मासळीबाजार आठवडाभर धुतला नाही तर येईल तसा. मग आवाज, आणि मग ते: हजारो ॲडेली पेंग्विन. हा पक्षी फक्त याच बर्फाच्या प्रदेशात राहतो, जगात दुसरीकडे कुठे नाही. काळं डोकं, पांढरं पोट, आणि डोळ्याभोवती पांढरं कडं. त्या कड्यामुळे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, आत्ताच कोणीतरी आपला अपमान केला आहे, असा भाव असतो.

वरच्या उतारावरून पाण्यापर्यंत त्यांच्या चालण्याने बर्फात खोल वाटा पडलेल्या असतात. त्या वाटांवर पहिला हक्क पेंग्विनचा. तो येत असला तर माणसाने थांबायचं, तो जाईपर्यंत हलायचं नाही. कुवेतमध्ये फहाहीलच्या रस्त्यावर मी इतकी वर्षं गाडी चालवतो. असा मान तिथे कोणी कोणाला दिलेला पाहिला नाही. एक पेंग्विन माझ्यापाशी येऊन थांबला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि वळसा घालून निघून गेला. बसायलाही परवानगी नव्हती. हल्ली पक्ष्यांमध्ये साथ पसरते आहे, म्हणून बुटांखेरीज कशाचाही जमिनीला स्पर्श होऊ द्यायचा नाही. गुडघे दुखत होते, पण हलावंसं वाटत नव्हतं.

त्यांची घरटी म्हणजे खड्यांचा ढीग. बर्फाच्या देशात खडा ही मोठी मिळकत. एक नर लांबून खडा घेऊन आला आणि मादीपुढे ठेवून वाकला.

"देखो, मेहर दे रहा है," अबू फहद म्हणाले. निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायचं ते मेहर.

तेवढ्यात शेजारच्याने मागून येऊन तोच खडा पळवला आणि आपल्या मादीपुढे ठेवला. अबू फहद गंभीरपणे म्हणाले, "यह मेरा साला है."

घरट्यांभोवतीची जमीन गुलाबी होती. पेंग्विन क्रिल खातात, त्याचा तो रंग. क्रिल म्हणजे आपल्या कोकणातल्या जवळ्याचंच भावंड, जरा थोराड. या थंडीत जे काही जगतं ते जवळ्यावर, किंवा जवळा खाणाऱ्यावर. क्रॅबईटर नावाचा सील आहे, नावाने खेकडे खाणारा. तो आयुष्यात एकही खेकडा खात नाही; तोही जवळाच खातो. ज्याने नाव दिलं त्याने पोट तपासलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मऊ बर्फात मी मांडीपर्यंत रुतलो. अबू फहदांनी मला काखेत धरून उपटलं आणि वर म्हणाले, "दुक्तूर, तुम बहुत पढ़ते हो, इसीलिए भारी हो." पुढे निघणार तर मार्ताने हाक मारली. झालेला खड्डा बुजवायचा होता. पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. आम्ही दोघं म्हातारे फावडी घेऊन माझ्या पायाचा ठसा भरत बसलो. म्हणजे उभेच होतो.

तिथेच थोड्या अंतरावर एक वेडेल सील झोपला होता. बाजारात धान्याचं पोतं उतरवून ठेवावं तसा, अगदी निश्चिंत. मार्ता माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. सांगू लागली की हा प्राणी हिवाळ्यातही इथेच, बर्फाच्या जाड थराखाली राहतो. श्वासासाठी बर्फाला भोक लागतं, आणि ते भोक गोठू नये म्हणून तो दातांनी बर्फ खरवडत राहतो. जन्मभर. दात झिजले की त्याचं आयुष्यही संपत येतं.

"वाईट आहे," मी म्हणालो.

"का?" ती म्हणाली. "झोपलाय बघा कसा."

खरंच तो फार छान झोपला होता. झोपेतच त्याने पंजाने पोट खाजवलं. मी पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. सुलभा गेल्यापासून मीही असंच एक भोक उघडं ठेवत आलो होतो, रोज थोडं खरवडून. पण मधूनमधून झोपायला हरकत नसते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तरंगत्या हिमनगांमधून जाताना पांढरे पक्षी दिसले. स्नो पेट्रेल. सगळं अंग बर्फासारखं, डोळा आणि चोच तेवढी काळी. जिथे बर्फ संपतो तिथे हे पक्षी संपतात, असं पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात ते वाक्य होतं. इथे ते कठड्यापासून हातभर अंतरावरून गेले. हातमोजा काढून मी कठड्यावरचा बर्फ मुठीत घेतला. गार लागला.

परतीचा समुद्र

उत्तरेकडे वळल्यावर एका दुपारी, जेवण होत असताना, जहाजाने साठ अंश ओलांडल्याचं सांगितलं गेलं. मार्ता पिशवी घेऊन आली, माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि समोर बसली.

अबू फहद माझ्या कानाशी लागले. "जूते में डालो. बंदर पे कौन देखता है? आते वक्त किसने देखा?"

ते खरं होतं. येताना मी हे दाणे कितीतरी विमानतळांवरून आणि एका बंदरावरून नेले होते, आणि कोणी पाहिलं नव्हतं. बुटात घातले असते तर अबू हलीफाला पोचले असते, फडताळातल्या एखाद्या डबीत राहिले असते, आणि मी रोज ती डबी उघडून पाहिली असती. मला ते हवं होतं. फार हवं होतं. पण ते दाणे तेव्हा नकळत आले होते. आता कळून न्यायचे म्हणजे चोरून न्यायचे, आणि प्रयोगशाळेत नव्या मुलांनी एवढंसं लपवलं तर मी अख्खं काम फेकायला लावतो. शिवाय बडीशेप डबीत जपायची वस्तू नाही. ती भाजणारीला तर हे अजिबात पटलं नसतं.

"खाल्ली तर चालेल?" मी मार्ताला विचारलं.

तिने विचार केला. "नष्ट झाली म्हणून लिहीन," ती म्हणाली.

मी पिशवी फोडली. आमच्याकडे जेवण झाल्यावर बडीशेप आधी पाहुण्याला देतात. मी मार्ताच्या तळहातावर चिमूटभर घातली, मग अबू फहदांच्या. मग मी खाल्ली. इतक्या दिवसांनीही वास होता. आधी करपलेला दाणा आला, कडवट, मग कच्चा, गोड, मग तीळ. दाताखाली वाळू कचकचली.

"करपलीय," मार्ता म्हणाली.

"निम्मी," मी म्हणालो.

अबू फहद चावत होते. "माशाल्लाह," ते म्हणाले. "इसमें कुवैत की मिट्टी भी है."

पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा घेतली. पिशवीच्या कोपऱ्यात दोन तीळ चिकटले होते, ते ओल्या बोटाने काढले. ती तिच्या हातची होती. मी हातचं काही राखलं नाही. बाहेर समुद्र उसळत होता आणि ताटं सरकत होती. त्या रात्री मला बोट लागली नाही.

अबू हलीफा

मी परतलो तेव्हा कुवेतमध्ये हिवाळा होता, तंबूंचा हंगाम. विद्याताई किल्ली द्यायला आल्या. टेबलावरचा आल्याच्या वड्यांचा डबा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काय आणलंत भाऊजी, एवढ्या लांबून?"

"काही नाही. तिथून काही आणू देत नाहीत."

"आणि न्यायला?"

"न्यायलाही देत नाहीत."

"मग करायचं काय जाऊन?"

"बघायचं," मी म्हणालो. मग पेंग्विनच्या खड्याची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. जाताना म्हणाल्या, "या शुक्रवारी तंबू टाकतोय. तुम्ही याल, असं मी यांना सांगून टाकलंय."

गुरुवारी संध्याकाळी मी जॅकेटची शिवण घातली, पण खिशाचं भोक तसंच ठेवलं. मग कढई ठेवून बडीशेप भाजायला घेतली. विद्याताईंचा फोन आला, किती वाजता निघायचं ते सांगायला, आणि तेवढ्यात पहिला घाणा करपला. दुसरा मी घाईने उतरवला, तो कच्चा राहिला. दोन्ही एकत्र केले आणि चाखून पाहिलं.

सरासरी बरोबर होती.